कच्च्या रंगाची लुगडी

पांढुर्ण्याच्या कापडबाजारात कमलबाई सोमकुवर पायरी चढली की जुने दुकानदार आधी पाण्याचा गिलास उचलून मागे ठेवत. कारण ही बाई कापड नुसतं बघत नसे. चिमटीत धरून चुरगाळायची, उजेडाकडे धरून आरपार पाहायची, कडेचा एखादा दोरा ओढून दाताखाली चावायची आणि पाणी हाताशी सापडलं तर कोपरा भिजवून स्वतःच्या पांढऱ्या रुमालावर घासायची. रुमालावर रंगाची नुसती झाक उमटली तरी ते ठाण बाद. भाव मात्र ती करत नसे. माल खरा निघाला तर मागितलेले पैसे मोजून उठायची, खोटा निघाला तर फुकट दिला तरी नको. अशा गिऱ्हाइकाचं करायचं काय, हे भल्याभल्या व्यापाऱ्यांना कळत नाही.

स्टेशनच्या पलीकडे बौद्ध वस्तीत तिचं घर होतं. नवरा श्रावण रेल्वेत गँगमन, अबोल आणि सोशिक; तो तसा नसता तर हा संसार झाला नसता असं वस्तीत उघड म्हणत. ओसरीवर कमलचं शिलाई मशीन. झंपर, परकर, पोरांचे शाळेचे सदरे. शिवायला कापड आणणाऱ्यानं चुकूनही "कसं आहे वो कापड?" असं विचारू नये, कारण ती सांगत असे. एकदा एका लग्नघरी नवरीच्या मामानं आणलेली साडी सगळ्या बाया कौतुकानं हाताळत असताना हिनं एक चिमटा घेतला आणि म्हणाली, "एका धुण्यात गुडघ्यावर येते." मामा जेवला नाही. साडी एका धुण्यात गुडघ्यावर आली, पण म्हणून मामानं तिला माफ केलं असं नाही.

कापडाच्या बाबतीत उभ्या जन्मात खोटं न बोललेल्या या बाईनं एक गोष्ट मात्र तीस वर्षं झाकून ठेवली होती. ती गोष्टही कापडाचीच होती.

छप्पन्न साली कमल चौदा वर्षांची होती आणि रामाकोन्याला आईबापाजवळ राहत होती. नागपूरला दीक्षा घ्यायला जायचं तर पांढरे कपडे घालून, असा निरोप गावोगाव फिरला होता. बापाला धोतर होतं. आईला, सायत्राबाईला, दोन लुगडी. एक अंगावरचं हिरवं, एक सणावाराचं लाल. तिनं ते लाल लुगडं चार दिवस राखेच्या पाण्यात उकळलं, उन्हात घातलं, पुन्हा उकळलं आणि त्यातलं लाल काढून टाकलं. लुगडं झालं तिच्यासाठी. पण कमलनं हट्ट धरला. मला न्या, नाहीतर मी जेवत नाही. दोन दिवस खरंच जेवली नाही. तिसऱ्या पहाटे सायत्राबाईनं ते लुगडं काही न बोलता पोरीच्या अंगाला गुंडाळलं, कमरेला दोन घड्या जास्त खोचून, आणि धाकट्या पोराला कडेवर घेऊन हिरव्या लुगड्यात गावाच्या वेशीपर्यंत पोचवायला आली. "मले काय, मी पुढच्या साली जाईन," म्हणाली. बापलेक छोट्या लायनीच्या गाडीनं नागपूरला गेले. आणि पुढचं साल यायच्या आधी, दोन महिन्यांत, बाबासाहेबच राहिले नाहीत.

सायत्राबाईनं पुढे गावात भंतेजींकडून दीक्षा घेतली. दर दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमीही पाहून येई. पण ते जाणं वेगळं आणि त्या दिवशीचं जाणं वेगळं, हे कमलला कुणी सांगायला नको होतं. नवरा गेल्यावर सायत्राबाई लेकीकडे राहायला आली तेव्हा वस्तीनं धरूनच चाललं की ज्या घरचा नवरा आणि पोरगी दीक्षेला गेली त्या घरची बाईही गेली असणार. लोक तिच्या पाया पडत. ती "सुखी राहा" म्हणे आणि विषय बदले. कमलनंही कधी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. आईचा मान राहावा म्हणून ती गप्प होती, असं ती स्वतःला सांगे. खरं म्हणजे ज्या लुगड्यात ती गेली ते कुणाचं होतं, हे तोंडानं बोलायची तिला हिंमत नव्हती.

शहाऐंशी साली दीक्षेला तीस वर्षं होत होती. वस्तीतल्या दादारावानं नाटक लिहिलं. दादाराव पोस्टात कारकून. अक्षर वळणदार, आवाज मोठा आणि उत्साह त्याहून मोठा. दीक्षेच्या वेळी तो वर्षाचा होता, तेव्हा आठवण कसली, पण त्यानं म्हाताऱ्यांना विचारून विचारून वही भरली होती. नाटकात बाबासाहेब दाखवायचे नाहीत, हे त्यानं पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. एक गाव, गावाची तयारी आणि शेवटी सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत नागपूरला निघतं, एवढीच गोष्ट. दसऱ्याला लोक नागपूरला जाणार म्हणून प्रयोग त्याच्या चार दिवस आधी. बायांची कामं या खेपेला बायाच करणार होत्या. अकरा जणी तयार झाल्या होत्या, त्यांत अंगणवाडीची मालती मुख्य.

"वैनी, ड्रेसचं तुमच्याकडे," दादाराव कमलला म्हणाला. "पिरियड ड्रेस म्हनतात याले. त्या काळचे कपडे पाह्यजेत. गड्यांचे धोतरं-बंड्या घरोघरून जमून जाईन. बायांचे अकरा पांढरे लुगडे, नऊवारी, तेवढे तुमी पाहा."

"त्या काळचे म्हंजे? मी होती ना त्या काळी."

"म्हनून तर तुमाले सांगून राहिलो."

कमल हो म्हणाली. नाटक चांगलं होतं की वाईट, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती. प्रयोगाला माय पुढच्या रांगेत बसणार, अकरा बाया पांढऱ्या लुगड्यांत तिच्या समोरून नागपूरला निघून जाणार, आणि माय पुन्हा मागेच राहणार. ते टाळणं काही कमलच्या हातात नव्हतं. निदान त्या बायांच्या अंगावरचं पांढरं तरी खरं असावं, मायला ते पाहून आणखी एक दुखणं होऊ नये, एवढं तिच्या हातात होतं.

पहिल्यांदा ती मालतीला घेऊन मोरेश्वरभाऊंच्या दुकानात गेली. मोरेश्वरभाऊ गावातले जुने कापडवाले; गोड बोलणारे, गंध लावून गादीवर बसणारे. त्यांनी कमलला पाहून सवयीनं गिलास हलवला.

"पांढरे लुगडे दाखवा भाऊ. अकरा पाह्यजेत."

मोरेश्वरभाऊंचा हात गिलासावरच राहिला. ते गादीवरून उठले, चपला न घालता खाली आले आणि हात जोडून अगदी हळू आवाजात म्हणाले, "कुठं झालं जी? मोटर उलटली काय?"

कमलला आधी काही उमजलंच नाही. तोवर त्यांनी पोऱ्याला चहा सांगितला होता, बाकाची धूळ स्वतःच्या उपरण्यानं झटकली होती आणि "अशा टायमाले आमी भाव नाही सांगत, बाई, जे द्यायचं ते द्या," असंही म्हणून झालं होतं. मालती पदराआड हसून हसून लाल झाली. कमलनं त्यांना शेवटी सांगितलं की कुणी मेलेलं नाही, नाटक आहे. मोरेश्वरभाऊ खाली बसले. सुटकेचा श्वास त्यांनी सोडला खरा, पण नाराजही झाले, कारण चहा आता आलाच होता.

"आमच्या इकडं पांढरं म्हनलं का तेच ध्यानात येते," ते ओशाळून म्हणाले.

"आमच्या इकडं पांढरं म्हंजे सन," कमल म्हणाली. तिनं हे रागानं म्हटलं नाही. चहा दोघींनी घेतला. मोरेश्वरभाऊंकडे पांढऱ्या साड्या होत्या त्या सहावारी, नायलॉनच्या, अंगाला चिकटणाऱ्या. मालतीला फार आवडल्या. कमलनं एक दोरा काढून काडीनं पेटवला, तो गोळा होऊन काळा पडला, आणि तिनं तो मालतीच्या तळहातावर ठेवला. "छप्पन्न साली हे नोतं," एवढं बोलून ती उठली.

मग दादाराव तिला नागपूरला घेऊन गेला. तिथं नाटकांना कपडे भाड्यानं देणारं एक दुकान त्याला कळलं होतं. माडीवर लांबच लांब खोली आणि दोऱ्यांवर लटकलेलं सगळं जग. राजे, राण्या, साधू, शिपाई, डाकू. दुकानदार चटपटीत माणूस होता. त्यानं विचारलं, "काळ कोणता? राजवाडा की खेडं?" खेडं म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे गरीब," आणि आतून एक गाठोडं काढलं. त्याच्याकडे गरिबाचा वेगळा सेट होता. पांढरी शुभ्र लुगडी आणि त्यांवर ठिकठिकाणी लावलेली लाल, निळी, पिवळी ठिगळं, मशीननं शिवलेली.

कमलनं एक लुगडं उचललं, ठिगळ पाहिलं, उलटून पाहिलं.

"हे ठिगळ कोनं लावलं?"

"आमच्याच कारागिरानं. मागच्या रांगेतून दिसतं, बाई. ह्या ठिगळाशिवाय पब्लिकला गरीब कळत नाही."

"गरीब मानूस ठिगळ लपवते जी," कमल म्हणाली. "लाल लुगड्याले लाल चिंधी सापडेपर्यंत महिना महिना थांबते. सापडली का आतून लावते, बाहेरून दिसू नाही म्हनून. हा रंगीबेरंगी गरीब तुमाले कुठं भेटला?"

दुकानदार हसला. त्याला ते विनोदी वाटलं असावं. दादारावाला मात्र हसू आलं नाही. त्यानं वही काढली आणि तिथंच दोन ओळी लिहून घेतल्या. त्याच्यातलं हे एक बरं होतं. रिकाम्या हातानं परत येताना गाडीत तो सारखा विचारत राहिला, मग कसं होतं वैनी पांढरं, सांगा ना, कसं होतं. "पांढरं नोतंच," कमल म्हणाली. "कोनाचं गुलाबी, कोनाचं राखाडी, कोनाचं चट्ट्याचट्ट्याचं. जिचा जसा रंग निघाला तशी थे निघाली. पन सगळ्या मिळून चालल्या ना, तं पांढरं दिसे." ते लुगडं कुणी उकळलं होतं हे ती बोलली नाही.

तेव्हा ठरलं की लुगडी रंगीत घ्यायची आणि रंग घरी काढायचा. कमलनं बाजारातून एक लाल सुती नऊवारी आणलं, चुलीवर जर्मनच्या मोठ्या गंजात सोडा टाकून अख्खी दुपार उकळलं. लुगडं बाहेर निघालं ते आधीपेक्षा जास्त लाल आणि चकचकीत. दुसऱ्या दिवशी आणखी सोडा घातला. बोटांची सालं निघाली, लुगड्याचा रंग निघाला नाही. आयुष्यभर पक्का रंग पक्का रंग करत दुकानदारांचं डोकं खाल्लं, त्याची ही परतफेड होती, असं श्रावण म्हणाला. श्रावण वर्षातून दोन-तीनदाच काही म्हणे, पण नेमकं म्हणे.

सायत्राबाई ओसरीच्या टोकाला तांदूळ निवडत बसली होती. साठी केव्हाच उलटलेली, अंगानं वाळलेली, डोळा मात्र शाबूत. दोन दिवस ती लेकीची धडपड पाहत होती. कशासाठी चाललंय हे तिला ठाऊक होतं, वस्तीत दुसरा विषयच नव्हता. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "आताचे रंग नाही जात वो. लोधीखेड्याचं लुगडं पाह्यजे. त्याचा रंग तं पह्यल्या घामात जाय."

"थे लाल तिथलंच होतं?" कमलनं विचारलं. तीस वर्षांत त्या लुगड्याचं नाव दोघींमध्ये पहिल्यांदा निघालं.

"तिथलंच. यशवंताच्या बापाच्या मागावरचं," सायत्राबाई म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

कमल बसनं सौंसरला गेली, तिथून लोधीखेड्याला. यशवंतरावांचं घर विचारत विचारत सापडलं. एका गल्लीत कधीकाळी घरोघर माग खडखडत होते म्हणे. आता एक यशवंतरावांचाच उरला होता, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा. म्हातारा पोटापुरत्या सतरंज्या विणत होता. लुगडी कोण घेतं आता, म्हणाला. होती थोडी, बापाच्या हातची आणि आपल्या तरुणपणची, पेटीत पडून होती. पण ती दाखवायला तो तयार होईना.

"दाखवा ना काकाजी."

"घेनार नाही तुमी. रंग कच्चा आहे." म्हातारा खाली पाहून बोलत होता. "त्याच्यानंच तं बसलो घरी. बाया वापस आनून देत. झंपर खराब झाले, चादर खराब झाली. लय बोलनं खाल्लं."

कमलनं तरी पेटी उघडायला लावली. वर्षानुवर्षांच्या घड्या, लाल, हिरवी, जांभळी, कडुनिंबाच्या पाल्याचा वास. तिनं रुमाल काढला, तांब्यातल्या पाण्यात एका लाल लुगड्याचा कोपरा भिजवला आणि घासला. रुमाल लालभडक झाला. बोटं लाल झाली. कमलचा चेहरा असा उजळला की म्हाताऱ्याला ती थट्टा वाटली.

"दुसरं पाहू," ती म्हणाली. दुसऱ्याचा हिरवा तर हात लावताच सुटला. "काकाजी, याच्यापेक्षा कच्चं नाही का एखांदं?"

"बाई, म्हाताऱ्या मानसाची मस्करी करू नाही," यशवंतराव म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता.

मग कमल त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. नाटक, नागपूरचं दुकान, उकळलेलं लुगडं. आणि सांगता सांगता तिच्या तोंडून तेही निघून गेलं जे तिनं आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, की लाल लुगडं मायनं उकळलं आणि नेसून मी गेली. परक्या माणसापुढे बोलायला सोपं जातं, एवढंच त्याचं कारण.

यशवंतरावांनी मागावर हात ठेवला. "त्या साली," ते म्हणाले, "दसऱ्याच्या आधी आमच्याकडं मानसं येऊन राहिले होते. पांढरं आहे का, पांढरं आहे का. बापानं बिनकिनारीचं पांढरं लुगडं कधी मागावर चढवलं नाही, आमच्यात नाही चढवत. रिकाम्या हातानं गेले बिचारे. घरात बापाचंच चाले. का मागून राहिले हे तवा काही समजलं नाही." त्यांनी पेटीतली सगळी लुगडी बाहेर काढली, मोजून अकरा बाजूला केली आणि घड्या पुन्हा नीट घातल्या. ज्या मालाबद्दल आयुष्यभर बोलणी खाल्ली तो माल कुणी त्याच्या खोडीसाठीच घेऊन चाललं होतं. म्हातारा तिला गाडीपर्यंत पोचवायला आला.

पुढचे सहा दिवस कमलच्या अंगणात तीन चुली पेटल्या होत्या आणि हुकूम सायत्राबाईचा चालला होता. सोडा तिनं फेकायला लावला. चाळलेली राख रात्रभर पाण्यात, वरचं नितळ पाणी गंजात, त्यात लुगडं, आणि मग ऊन. ओलं असताना ऊन, वाळलं की पुन्हा पाणी. लाल आधी विटकरी झालं, मग गुलाबी. जांभळ्याचं राखाडी झालं. हिरवं कुठं कुठं पिवळट राहिलं. कमल ढवळत होती आणि आईच्या हातांकडे पाहत होती. हे हात चार दिवस असेच राखेच्या पाण्यात होते, आणि त्यावर आपण जेवत नाही म्हणून पाय आपटले, हे तिच्या मनातून जाईना. एकदा तिनं धीर केला.

"माय, तुले राग नाही आला तवा?"

"आला ना," सायत्राबाई म्हणाली. "ढवळ, खाली बसून राहिलं थे."

रंगीत तालमीला अकरा जणी नेसून उभ्या राहिल्या. मालतीनं नाक मुरडलं. "हे पांढरं आहे काय वो वैनी? सगळं मळकट दिसून राहिलं." दादारावही जरा खट्टू झाला होता. पण त्यानं बायांना एका ओळीत चालायला सांगितलं, स्वतः मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथून पाहिलं. मग धावतच परत आला. तो सरळ सायत्राबाईकडे गेला, तिच्या पायाशी बसला.

"आजी, असंच होतं ना? तुमी नेसून गेलत्या थे असंच होतं ना?"

कमलच्या तोंडात टाचण्या होत्या. तिला मध्ये पडून काही बोलता आलं असतं, पण टाचण्या काढेपर्यंत वेळ गेला.

"माह्यं हिरवं होतं, बापा," सायत्राबाई म्हणाली.

"हिरवं? दीक्षेले?"

"दीक्षेले मी गेली नोती. पांढरं एकच झालं होतं. थे कमल नेसली. मी वेशीपर्यंत गेली आन् वापस आली."

तिनं हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की क्षणभर कुणाला काही वाटलंच नाही, आणि मग सगळ्यांनाच वाटलं. ओळीतल्या एका बाईनं डोळे पुसले. कमल टाचण्या मुठीत धरून तशीच उभी राहिली. इतकी वर्षं आपण मायचा मान झाकून ठेवतोय असं तिला वाटत होतं, आणि मायला त्याची लाज कधी नव्हतीच. लाज होती ती आपली, हे तिला त्या मैदानात कळलं, आणि टाचण्या हाताला टोचत होत्या तरी तिनं मूठ सोडली नाही.

दादाराव दुसऱ्या दिवशी पोस्टातून आला तो दोन पानं नवीन लिहूनच. गाव निघून जातं आणि एक बाई वेशीवर राहते, असा आता शेवट होता. ती बाई कोण होणार, यावर चर्चा झाली नाही. सायत्राबाईनं आधी नाही म्हटलं, मग विचारलं, "बोलाचं काही आहे काय?" काही नव्हतं. "पडदा पडेपर्यंत वेशीवर उभं राहाचं, आजी. हालाचं नाही, बस." तिच्या ड्रेसची खरेदीही करावी लागली नाही, तिच्या रोजच्या दोन लुगड्यांतलं एक चाललं असतं. कमलला हा शेवट पसंत नव्हता. मायला सगळ्या गावासमोर पुन्हा मागे उभं करायचं, हे तिला नको होतं. पण माय हो म्हणाली होती, आणि मायच्या हो-नाहीत पडण्याचा आपला हक्क तीस वर्षांपूर्वीच संपला, असं तिला वाटलं.

प्रयोग विहारासमोरच्या मैदानात झाला. संध्याकाळीच मैदान भरलं. नदीपलीकडच्या सावरगावाकडूनही माणसं आली होती, मोरेश्वरभाऊ घरच्यांना घेऊन खुर्चीवर बसले होते. नाटक पुष्कळ ठिकाणी अडखळलं. दादारावाचा मोठा आवाज आतून ऐकू येत होता आणि एका गड्याचं धोतर सुटता सुटता राहिलं. पण शेवटच्या प्रवेशात गाव निघालं आणि मागची माणसं उभी राहून पाहू लागली. गडी गेले. मग अकरा बाया, गुलाबी, राखाडी, पिवळट, एकीमागे एक, दिव्यांच्या उजेडात पांढऱ्या. त्या एकेक करून विंगेत कमलच्या अंगावरून खाली उतरत होत्या. पलीकडच्या टोकाला सायत्राबाई उभी होती, हात थोडा वर केलेला.

अकरावी बाई विंगेत आली. आता पडदा पडायचा होता.

सायत्राबाईनं हात खाली घेतला. कासोटा चापून पाहिला, पदर खोचला आणि ती चालू लागली. तिच्या मागच्या विंगेतून दादाराव दोन्ही हातांनी थांबा थांबा करत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. म्हाताऱ्या पावलांना ते स्टेज लांब होतं, पण ती घाईही करत नव्हती. सगळं मैदान तिला चालताना पाहत होतं आणि पडदा ओढणारा दोरी हातात धरून तसाच उभा होता. ती विंगेपाशी पोचली. वाटेत कमल उभी होती.

"सरक वो," सायत्राबाई म्हणाली. "गाडी सुटन."

कमल सरकली. तिच्या डोळ्यांतलं पाणी घळाघळा वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. मागच्या फळ्यांच्या पायऱ्या उतरून सायत्राबाई त्या अकराजणींच्या शेवटी जाऊन उभी राहिली. दादाराव स्टेजच्या मागून धावत आला, धापा टाकत.

"आजी, तुमाले थांबाचं होतं ना."

"थांबली होती ना, बापा," सायत्राबाई म्हणाली. "किती थांबाचं?"

मग ती पायरीवर टेकली आणि तिनं प्यायला पाणी मागितलं. पाणी आणायला कमलच धावली.